उरलंसुरलं

वकीलबाईंच्या ऑफिसात खुर्च्या चार होत्या आणि आईची मुलंही चार, म्हणजे सगळं कसं जमून आलं होतं. पण वहिनीही आल्या होत्या. दादाच्या सुखदुःखात त्या नेहमीच सोबत असत, आणि आज आईचं मृत्युपत्र वाचलं जाणार होतं, म्हणजे सुख आणि दुःख दोन्ही एकदम. त्यामुळे मधला उभा राहिला. त्याला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. कुणी बस म्हणायच्या आतच तो जाऊन फायलींच्या कपाटाला खेटला होता. आपण त्या कपाटाचाच एखादा कप्पा दिसावं, अशी त्याची मनापासून इच्छा होती. अठ्ठावन्न वर्षांत त्याची एवढी एकच इच्छा वेळोवेळी पुरी होत आली होती.

ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं. खिडकीतून रबराचा वास येत होता आणि मधूनच हवा भरायच्या पंपाचे सुस्कारे ऐकू येत होते. सुस्कारे टाकण्याचं काम पंपच करत असल्यामुळे घरच्यांना ते टाकावे लागत नव्हते.

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि तिन्ही आठवडे सगळे दुःखात बुडालेले होते. दुःखाच्या भरात दादाने टेप आणून आईच्या घराच्या पुढच्या खोलीची लांबी-रुंदी घेतली होती. दुःखाच्या भरात ताईने कपाटांवर आपल्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्याही गोल, शाळकरी अक्षरात. ती बत्तीस वर्षं मुख्याध्यापिका होती. वहिनींना तर दुःख इतकं अनावर झालं की आईच्या बांगड्या त्यांनी 'आठवण म्हणून' घरी नेऊन ठेवल्या. धाकटी तेवढी तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लाँड्रीत कामावर गेली. त्यावरून, हिला बिचारीला काही कळतच नाही, असं सर्वांचं एकमत झालं. या घरात एकमत होण्याची ही अलीकडची एकमेव वेळ.

धाकटी चव्वेचाळीस वर्षांची. वाचता येत नाही, घड्याळ नीट कळत नाही, बोलणं थोडकं. आयुष्यभर ती आईजवळ राहिली. आता त्या घरात ती एकटीच होती, आणि 'धाकटीचं करायचं काय' हा प्रश्न तीन आठवडे या फोनवरून त्या फोनवर फिरत होता. आत्ता ती लाँड्रीचा निळा एप्रन घालूनच खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. अर्ध्या दिवसाची रजा होती तिची.

"आधी माणसाचं बघू, मग वस्तूंचं," वकीलबाई म्हणाल्या. त्या लहानखुऱ्या होत्या, सर्दीने बेजार, आणि दर दोन वाक्यांनी रुमाल शोधत होत्या. "यांची काय व्यवस्था करायचं ठरलंय?"

"मॅडम, तो प्रश्नच नाही," दादा म्हणाला. "ती आमची जबाबदारी आहे."

'आमची' म्हणताना त्याने हात असा काही फिरवला की जबाबदारी खोलीभर सारखी पसरली आणि त्याच्या अंगावर त्यातली फारशी पडली नाही. दादा दंतवैद्य होता. समोरच्याच्या तोंडात अवजारं घालून मग बोलायचं, अशी पस्तीस वर्षांची सवय. आपल्याला कुणी उलट उत्तर देऊ शकतं, याचा त्याला अनुभव नव्हता.

"आमची म्हणजे कुणाची?" वकीलबाईंनी पेन उघडलं. "हे बघा, त्या सज्ञान आहेत. सज्ञान माणसाला आपोआप कुणी पालक नसतो. आई होत्या तोवर कुणी विचारलं नाही, एवढंच. आता हवा असेल तर कोर्टाकडून नेमून घ्यावा लागेल. कोर्ट विचारेल, खरंच हवा का, कशापुरता हवा, आणि कोण तयार आहे. तर कोण तयार आहे?"

पंपाने खाली दोनदा सुस्कारा टाकला.

"माझं म्हणजे गुडघे," ताई म्हणाली. "तिसरा मजला आणि लिफ्ट असून नसल्यासारखी. मीच घरात कैद आहे, तिला आणखी कुठे कोंडू?"

"आमच्याकडे कुत्रा आहे," दादा म्हणाला. "धाकटी घाबरते कुत्र्याला."

"मी नाही घाबरत," धाकटी म्हणाली.

"अगं, तो घाबरतो तुला," वहिनी चटकन म्हणाल्या. "मुका जीव आहे. त्याचाही विचार केला पाहिजे."

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. कुत्र्याचंसुद्धा.

"मी वेळापत्रक केलंय," ताईने पर्समधून चौकटी आखलेला कागद काढला. "चार-चार महिने. पहिले चार दादाकडे—"

"पहिले आमच्याकडे का?" वहिनी.

"कारण तो थोरला आहे."

"घराच्या वाटणीत तुम्ही बरोबरीच्या असता ताई, आणि वेळापत्रकात हे थोरले?"

"नाहीतर अशांना ठेवून घेणारी ती संस्था आहेच," दादाने रंगीत माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. "हिरवळ आहे. माणसं फार चांगली आहेत म्हणे. आईचं घर विकलं की तिथलं सगळं भागेल."

"आणि यांची नोकरी?"

"नोकरी कसली मॅडम, चादरींच्या घड्या घालते ती."

"किती वर्षं?"

दादाने ताईकडे पाहिलं, ताईने वहिनींकडे. "एकोणीस," कपाट म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मधल्याला स्वतःचाच आवाज ऐकून दचकायला झालं.

"तुम्ही?" वकीलबाईंनी विचारलं. "तुमची तयारी आहे का?"

मधल्याने सकाळपासून एक वाक्य घोकलं होतं. ग्रंथालयातल्या त्याच्या टेबलाशी, कार्डांच्या खणात तोंड घालून त्याने ते आठ-दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. 'ती तिच्याच घरात राहील आणि मी तिच्याकडे राहायला येईन.' साधं वाक्य होतं. व्याकरणात कुठे दोष नव्हता. पण दादाने भुवई उचलली आणि वाक्य घशातच फिरून बसलं.

"माझी... खोली एकच आहे," तो म्हणाला. तो भाड्याच्या खोलीत राहत असे. सांगायचं होतं ते असं, की सोडायला काही जड नाही.

'खोली एकच,' वकीलबाईंनी लिहिलं, आणि पुढे एक फुली मारली.

मधल्याने ती फुली पाहिली. रोज संध्याकाळी तो धाकटीकडे जाऊन बसत असे. आठ वाजले की ती 'आता जा' म्हणत असे आणि तो जात असे. आता चार-चार महिन्यांची चौकट, नाहीतर हिरवळ. आणि सात वाजता कुठल्या लाँड्रीत जाणार ती? बोल, तो स्वतःला म्हणाला. त्याने स्वतःचं कधी ऐकलं नव्हतं.

मग मृत्युपत्र निघालं.

"अक्षर सुंदर आहे. कुणाचं?"

"ह्याचं," दादा अभिमानाने म्हणाला. "तेवढं एक बरं आहे त्याचं."

वकीलबाई वाचू लागल्या. घर दादाला आणि ताईला, निम्मं निम्मं. त्यातली मागची खोली मधल्याला हयातभर राहायला. दागिने थोरल्या सुनेला. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मनगट मोकळं होतं, बांगड्या आज खबरदारी म्हणून घरी ठेवल्या होत्या. धाकटीला सर्वांनी मिळून पाहावे. आणि शेवटी एक ओळ: 'याउपर जे उरलंसुरलं असेल ते माझ्या धाकटीला.'

"म्हणजे गाद्या," दादा मायेने म्हणाला. "दोन ट्रंका. शिवणयंत्र. घेईल ती, काही हरकत नाही आमची."

हरकत नव्हतीच कुणाची. उरलंसुरलं हे धाकटीचं जन्मजात खातं होतं. ताईचे उरलेले फ्रॉक, दादाची उरलेली वही, मधल्याच्या तापातून उरलेलं औषध. आईच्या मनात दुसरं काही असेल असं कुणालाही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर नसावंच. आई सरळ बाई होती. ती डाव टाकत नसे; फार तर टोमणा.

वकीलबाईंनी पान उलटलं, नाक पुसलं आणि पुन्हा पान पाहिलं.

"साक्षीदारांच्या या तीन सह्या कुणाच्या?"

"आमच्या," दादा आणि ताई एकदम म्हणाले.

"तिघांच्या? तुम्हा भावंडांच्याच?"

"मग! घरची माणसं असताना बाहेरच्याची सही कशाला?"

त्या सह्यांवरून दोन वर्षांपूर्वी घरात जे महाभारत झालं, ते मधल्याला काल घडल्यासारखं आठवत होतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईने मनात घेतलं, लिहून ठेवावं. साक्षीला तिने शेजारचे निवृत्त पोस्टमन आणि त्यांची बायको बोलावली. दोघं स्वतःचं पेन घेऊन आली. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्यावर विश्वास नाही? पोस्टमनची सही चालते आणि पोटच्या मुलाची नाही?" पोस्टमन पेन खिशात घालून बायकोसह परत गेले आणि त्यानंतर त्या घराशी फक्त मान हलवण्यापुरते राहिले. दादाने सही केली. ती केली म्हणताच ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे मुलगी परकीच ना शेवटी!" ताईची सही झाली. मग, मधल्याला वाईट वाटेल, असं दोघांनाही वाटलं. मधल्याला मुळीच वाटलं नसतं. पण वाईट वाटून घ्यायचा मान त्यालाही मिळाला आणि तिसरी सही झाली. धाकटीनेही हात पुढे केला होता. "तुझं काय काम आहे त्यात?" वहिनी म्हणाल्या आणि कागद उचलला.

अशा रीतीने कुणाचाही अपमान न होता समारंभ पार पडला होता.

"अवघड आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"काय अवघड आहे?"

"मृत्युपत्र चांगलं आहे. तुमच्या आईची सही आहे, तारीख आहे. सह्या चालतील. फक्त साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. ज्याने सही केली, त्याला जे दिलं ते गेलं."

"गेलं म्हणजे?"

"तुमचं अर्धं घर गेलं. यांचं अर्धं गेलं. त्यांची मागची खोली गेली."

दादाचं तोंड उघडं राहिलं. त्यात कुणी अवजार घातलेलं नसताना ते तसं राहण्याची ही पहिलीच वेळ.

"पण मी सही केलेली नाही!" वहिनी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "माझी कुठेही सही नाही. बघा, नीट बघा!"

"साक्षीदाराच्या बायकोलाही नाही घेता येत."

वहिनी खाली बसल्या. "बत्तीस वर्षं मी म्हणतेय, ह्यांच्यामुळे माझं नुकसान झालं. आज कायद्याने म्हटलं."

"त्या पोस्टमनने सही केली असती तर?" ताईने दबक्या आवाजात विचारलं.

"त्या दोघा नवरा-बायकोच्या सह्या असत्या तर काहीच प्रश्न नव्हता. तुम्हाला सगळं मिळालं असतं."

"तरी मी म्हणत होते, शेजाऱ्यांना दुखवू नका," ताई म्हणाली. ती हे कधी म्हणाली होती ते कुणालाच आठवलं नाही, तिलाही.

"मग आता ते जातं कुणाकडे?" दादाचा आवाज चिरकला. "सरकारजमा?"

"छे. तुमच्या आईने लिहिलंय ना." वकीलबाईंनी पेनाचं टोक शेवटच्या ओळीवर ठेवलं. "ज्याची सोय लागली नाही, ते सगळं या ओळीत येतं. उरलंसुरलं."

सर्वांच्या माना हळूहळू खिडकीकडे वळल्या. धाकटी खाली सायकलवाल्याचं काम बघत होती.

दादाने विचार करायला पंधरा मिनिटं मागून घेतली. सगळे जिन्याच्या चौकात जाऊन उभे राहिले. धाकटी आत बसून राहिली, कारण तिच्याविषयी बोलायचं होतं. चौक एवढासा. चौघांना एकमेकांच्या फार जवळ उभं राहावं लागत होतं, आणि त्याची त्यांना सवय नव्हती.

"हे बघा," दादा म्हणाला, "मी विचार केला. धाकटीला मी नेतो."

"कुत्रा?" ताई.

"कुत्र्याचं काय एवढं! माणसापुढे कुत्रा?"

"मुका जीव आहे म्हणत होत्या वहिनी."

"मुका आहे म्हणूनच," वहिनी म्हणाल्या. "तो तक्रार थोडीच करणार आहे!"

"दादा, तुला तिच्या सवयी माहीत नाहीत. तिला बाईमाणूस हवं. मी नेते तिला. माझे गुडघे आता पुष्कळ बरे आहेत."

"पंधरा मिनिटांत?"

"आतून बरं वाटतंय."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, आणि मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "ताई, तुमचं खरं आहे. बाईमाणूसच हवं. पण ते तिसऱ्या मजल्यावरच असलं पाहिजे असं कुठे आहे? आपण दोघींनी मिळून बघू. हे तर दिवसभर दवाखान्यात असतात."

"अगं, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"धाकटीच्या," वहिनी करारीपणे म्हणाल्या. चौकातल्या चौकात तीन आघाड्या झाल्या होत्या आणि तिन्ही धाकटीच्याच बाजूच्या होत्या. एवढं प्रेम एका ठिकाणी गोळा झालेलं मधल्याने कधी पाहिलं नव्हतं. ते आत त्या बिचारीला ऐकू जात नव्हतं, हीच काय ती उणीव.

"अरे, तू काहीतरी बोल!" दादा त्याच्यावर ओरडला.

"काय बोलू?"

"तेच तर म्हणतोय! कधी काही बोलत नाहीस!"

आत गेल्यावर दादाने खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, आम्ही ठरवलं. पालक मी होणार."

"आम्ही म्हणजे कोण? मी होणार," ताई म्हणाली.

वकीलबाईंनी वहीचं मागलं पान काढलं. "मघाशी तुम्ही म्हणालात, कुत्रा. या म्हणाल्या, गुडघे. हिरवळही आहे इथे. कोर्टाने विचारलं, अर्ध्या तासात काय बदललं, तर मी काय सांगू?"

दादाने राग काढायला जागा शोधली आणि ती त्याला भिंतीशी सापडली.

"ह्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या माणसाने कागद लिहिला! पुस्तकातून बघून लिहिला! याला एवढी साधी गोष्ट माहीत नसावी?"

"मला माहीत होतं," मधला म्हणाला.

हे वाक्य त्याने घोकलेलं नव्हतं. म्हणूनच बहुधा ते बाहेर पडलं.

"काय?"

"त्या पुस्तकात होतं. मृत्युपत्राविषयी शंभर प्रश्न. तेविसावा प्रश्न: साक्षीदाराला वाटा मिळतो का. उत्तर: नाही. मी त्या दिवशी तीनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा तू म्हणालास, थांब रे. दुसऱ्यांदा ताई रडत होती. तिसऱ्यांदा मला वाटलं, आपण चुकीचं वाचलं असेल."

"आणि नंतर? दोन वर्षं?"

"नंतर मी ते पुन्हा वाचलं. चुकीचं वाचलं नव्हतं."

"डाव!" दादा उभा राहिला. "हा सगळा ह्याचा डाव आहे! शांतपणे बसून ह्याने आम्हाला नागवलं!"

मधल्याने नकळत मान वर केली. आपण डाव रचू शकतो असं आजवर कुणालाही वाटलं नव्हतं. आरोप इतका मानाचा होता, की तो खोटा आहे हे सांगायला त्याला क्षणभर जड गेलं.

"यांचीही खोली गेली," वकीलबाई म्हणाल्या. "यांना यातून काय मिळालं?"

"विचारा ना त्यालाच!"

"का नाही बोललात?"

मधल्याने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. भिडस्तपणा होता, तो नेहमीचाच, वरच पडलेला. त्याच्याखाली आणखी काही आहे का, हे त्याने दोन वर्षांत कितीदा तरी चाचपलं होतं. कधी वाटायचं, आहे. कधी वाटायचं, आपल्यासारख्याला एवढी अक्कल कुठून असणार?

"खरंच माहीत नाही," तो म्हणाला. "पण बोललो असतो तर घर विकलं गेलं असतं आणि ती चार-चार महिन्यांनी बॅग भरत बसली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. आणि मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा खोली एकच आहे म्हणालो, ते... मला वेगळंच म्हणायचं होतं. ती तिच्याच घरात राहील. मी राहायला येईन. तिच्याकडे."

"तिच्याकडे," वकीलबाईंनी लिहिता लिहिता पुन्हा म्हटलं. "बाकी सगळे 'माझ्याकडे' म्हणाले."

"शब्दांत काय आहे?" दादा.

"माझा धंदाच तो आहे हो. उरलंसुरलं हा एकच तर शब्द होता." त्यांनी रुमाल शोधला, तो बाहीत सापडला. "आता मी काय सुचवते ते ऐका. घर एका ट्रस्टच्या ताब्यात ठेवायचं, यांच्यासाठी. विश्वस्त दोन, त्यातला एक कुटुंबाबाहेरचा. विकायचं तर कोर्टाची परवानगी, आणि तीही यांच्या भल्यासाठी असेल तरच. पालक तिसराच कुणीतरी. ज्याच्या हातात घर, त्याच्याच हातात माणूस नको. आणि पालक तरी कशापुरता? बँक, दवाखाना, कोर्टकचेरी. बाकी कुठे राहायचं, काय करायचं, ते यांचं या ठरवतील."

"म्हणजे घर विकता येणार नाही?"

"नाही."

"मग पालकाला मिळतं काय?"

"काम," वकीलबाई म्हणाल्या.

दादा हळूच खाली बसला. "कुत्र्याचं काय आहे मॅडम," तो म्हणाला, "त्याला एकदा कुणाची धास्ती बसली की बसली."

वहिनींनी मान डोलावली. आघाडी पुन्हा जुळली होती. ताईने मात्र गुडघा चोळायला हात नेला आणि तिथेच ठेवला. बराच वेळ ती धाकटीकडे बघत राहिली.

"विश्वस्त मला करा," ती शेवटी तुसडेपणाने म्हणाली. "मला दुसरं काही येत नसलं तरी हजेरी घेता येते. ह्याचीही घेईन," मधल्याकडे बोट दाखवून, "हा गोड बोलून झोपून राहील."

मधल्याने तक्रार केली नाही. गोड बोलतो असं त्याला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

"आता यांना विचारू," वकीलबाई म्हणाल्या आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. "ऐकताय ना तुम्ही?"

धाकटीने मागे वळून पाहिलं, 'तुम्ही' कोण ते बघायला. मागे खिडकी होती.

"आईचं घर आता तुमचं आहे."

"माझं?"

"तुमचं."

"सगळं?"

"सगळं."

"मागची खोली पण?"

"तीही."

धाकटीने हे नीट आत जाऊ दिलं. तिला कशाचीच घाई नसे. मग तिने दादाकडे पाहिलं. "दादा का असा बसलाय?"

"मी ठीक आहे, बाळा," दादा म्हणाला. बाळा हा शब्द त्याच्या तोंडात नवा दात बसवल्यासारखा वाटला.

"तुमच्याजवळ कुणी राहायला हवंय का?" वकीलबाईंनी विचारलं. "घाई नाही."

"रात्री हवं. रात्री आवाज येतात."

"कोण यावं असं वाटतं?"

मधल्याने पुन्हा कपाटाला पाठ टेकवली. त्याला उत्तर ऐकायचं होतं आणि नव्हतंही. तिने दुसरं कुणाचं नाव घेतलं तर ते अगदी साहजिक होतं. तो स्वतः निवडणारा असता तर त्याने स्वतःला निवडलं नसतं.

धाकटीने प्रत्येकाला नीट पाहून घेतलं, चादरीवर डाग शोधावा तसं.

"भाऊ चालेल," ती म्हणाली. मधल्याला ती भाऊ म्हणत असे. "पण मी पंखा बंद करते. त्याने चालू नाही करायचा."

"कबूल?" वकीलबाई.

"हो," मधला म्हणाला.

"आणि हे लोक?"

"येऊ दे रविवारी," धाकटी मोठ्या मनाने म्हणाली. "पण मग जायचं."

सायकलच्या दुकानाबाहेर सगळे रस्त्यावर आले तेव्हा दीड वाजला होता. दादा आणि वहिनी, घरी गेल्यावर काय बोलायचं ते आत्ताच बोलत गाडीकडे गेले. ताईने रिक्षा थांबवली आणि बसता बसता ओरडली, "उद्या दहाला फोन करीन. उचल!" कुणाला ते नीट कळलं नाही, तिने बहुधा दोघांनाही धरलं होतं.

धाकटी लाँड्रीच्या रस्त्याला लागली. मधला तिच्या मागून, मग धीर करून तिच्या बरोबरीने.

"तू कुठे येतोस?" तिने विचारलं. "मला काम आहे."

"सोडतो ना तुला."

"मला रस्ता येतो. तू सामान आण."

"आज?"

"आज रात्र नाही का?"

तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि जे विचारायचं ते विचारायला त्याला दोन माणसं आणि एक हातगाडी जाऊ द्यावी लागली.

"माझी पुस्तकं आहेत," तो म्हणाला. "भाड्याच्या खोलीत. तीही आणली तर... चालतील का? तुझं घर आहे म्हणून विचारतो."

"किती?"

खरा आकडा चारशेच्या वर होता. "बरीच," तो म्हणाला.

धाकटीने विचार केला. लाँड्रीत चादरींचा गठ्ठा विसाचा बांधतात. वीस चादरी, दोरी, बाजूला. एकोणीस वर्षं तिने दिवसभर एवढंच मोजलं होतं.

"वीस," ती म्हणाली.

मधल्याचा चेहरा पडला. चारशेतली वीस कुठली, हे तो जागच्या जागी निवडू लागला आणि चौथ्यालाच अडला. तरी दुसऱ्याच्या घरात जायचं तर दुसऱ्याचं ऐकायला हवं. त्याने मान हलवली. "बरं. वीस."

धाकटी चार पावलं पुढे गेली, थांबली, आणि, याला एवढंही कळू नये, अशा नजरेने वळून पाहिलं.

"मग परत वीस," ती म्हणाली. "एकदम सगळं कोण उचलतं?"